चांदीची माती

कुंभार आणि सोनार हे आपल्या गांवगाड्यांत शेजारीं नांदत आले, तरी दोघांच्या धंद्यांची रीत अगदीं उलट. कुंभाराचा माल मऊ, बोटांच्या इच्छेप्रमाणें वळणारा आणि स्वस्त. सोनाराचा माल कठीण, हत्यारावांचून न वळणारा आणि महाग. कुंभार आधीं आकार देतो आणि मग विस्तव दाखवितो. सोनार आधीं विस्तव दाखवितो आणि मग आकार देतो. ओल्या मडक्याला लहान मुलाचें बोट चुकून लागलें, तरी त्याचा ठसा उमटतो, आणि मडकें आव्यांतून भाजून निघालें म्हणजे तो कायमचा राहतो. चांदीच्या पत्र्यावर तेंच बोट दिवसभर दाबून धरलें, तरी घामाच्या डागापलीकडे त्यावर कांहीं उठत नाहीं.

कुंभाराच्या मालाचा मऊपणा आणि सोनाराच्या मालाचा टिकाऊपणा एकाच जिनसांत सांपडला तर काय बहार होईल, ही कल्पना कोणाच्याहि मनांत येण्याजोगी आहे. ती प्रत्यक्षांत आणली जपानांतील संशोधकांनीं. मित्सुबिशी मटेरियल्स ह्या कंपनींत मासाकी मोरिकावा ह्यांनीं १९९० च्या सुमारास एक असा पदार्थ सिद्ध केला, कीं जो हातांत घेतला असतां मळलेल्या कणकेसारखा मऊ लागतो, वाळला म्हणजे खडूसारखा ठिसूळ होतो, आणि भट्टींतून बाहेर पडतो तो शुद्ध चांदी होऊन. इंग्रजींत त्याला मेटल क्ले म्हणतात. मराठींत धातूची माती म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच दशकांत आयदा केमिकल इंडस्ट्रीज ह्या दुसऱ्या जपानी कंपनीची आर्ट क्ले नांवाची माती बाजारांत आली. अमेरिकेंत टिम मॅक्राइट ह्या धातुकारागिरानें तिचा प्रसार केला आणि २००० सालीं तिच्यावर एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें. आज कित्येक देशांत हौशी माणसें घरच्या टेबलावर ह्या मातीचे दागिने करतात.

दागिन्याचा संबंध आला, कीं आपल्याकडे पहिला प्रश्न ‘खरा कीं खोटा?’ हाच असतो. मातीचा दागिना म्हटला म्हणजे हा संशय अधिकच बळावतो. तेव्हां ही माती म्हणजे काय, ती धातु कशी होते, आणि तिचा दागिना कितपत विश्वासाचा, हें क्रमानें पाहणें बरें.

पहिली गोष्ट ही, कीं ह्या मातींत माती मुळींच नसते. तिच्यांत तीन पदार्थ असतात. पहिला, शुद्ध चांदीची अतिशय बारीक पूड. तिचे कण एका मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागांएवढे असतात. दुसरा, ह्या कणांना एकत्र धरून ठेवणारा चिकट बंधक; तो वनस्पतींतील सेल्युलोजपासून तयार करतात. तिसरा पदार्थ साधें पाणी. तांदळाच्या पिठांत उकड येण्यासाठीं जें काम वाफ आणि पाणी करतात, तेंच काम येथें बंधक आणि पाणी करतात. म्हणजे सुट्या पुडीला हातांत धरतां येईल असें अंग देतात. त्यांचें काम तेवढेंच. पाणी वाळून जातें, बंधक जळून जातो, आणि मागें राहते ती केवळ चांदी.

आतां खरा प्रश्न असा, कीं बंधक जळून गेल्यावर ती पूड पुन्हां पुडीसारखी विखरून कां पडत नाहीं? चांदी वितळली असेल, हें उत्तर सहज सुचतें. परंतु तें बरोबर नाहीं. चांदी वितळते ती सुमारें ९६२ अंश सेंटिग्रेडला, आणि ही माती भाजतात ती ६५० पासून ९०० अंशांपर्यंत. चांदी वितळली असती, तर दागिन्याचा आकारच राहिला नसता. भट्टींत एक गोळी तेवढी सांपडली असती. कण घनच राहतात आणि तरीहि एकजीव होतात. ह्या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. तिला कणसंधान हा शब्द चालेल.

अळूच्या पानावरचें पाणी सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. पानावर दोन थेंब जवळ आले, एकमेकांना नुसते टेंकले, कीं ते दोन राहत नाहींत. चटकन् एक होतात. दोन थेंबांचा मिळून जितका पृष्ठभाग असतो, त्याहून एका मोठ्या थेंबाचा पृष्ठभाग कमी असतो, आणि पृष्ठभाग कमी करण्याकडे पदार्थाचा स्वाभाविक ओढा असतो. चांदीच्या कणांचाहि ओढा तसाच असतो. परंतु थंड धातूंतील अणु आपापल्या जागीं खिळलेले असल्यामुळें तो सिद्धीस जात नाहीं. उष्णता वाढली, कीं ते अणु जागा बदलूं लागतात. जेथें दोन कण टेंकलेले असतात, तेथें अणु सरकत सरकत येऊन दोहोंमध्यें प्रथम एक बारीक मान तयार होते. ती हळूहळू जाड होते, कणांमधल्या पोकळ्या आक्रसत जातात, आणि शेवटीं वेगळे कण ओळखूं येईनासे होतात. पाण्याचे थेंब जें क्षणांत करतात, तें चांदीचे कण अर्ध्या तासांत किंवा दोन तासांत करतात, इतकाच फरक. जितकें उष्णतामान अधिक आणि जितका वेळ अधिक, तितकी ही सांधणी पक्की.

ही विद्या दिसते तितकी नवी नाहीं. दक्षिण अमेरिकेंत आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावरील ला तोलिता येथील कारागीर युरोपियन लोक तेथें जाण्याच्या कित्येक शतकें आधीं प्लॅटिनमचे दागिने करीत. प्लॅटिनम वितळविण्यास सुमारें १७६८ अंशांची उष्णता लागते. तेवढी त्यांच्या भट्टींत शक्यच नव्हती. म्हणून ते प्लॅटिनमच्या कणांत सोनें मिसळून, सोनें वितळेल इतकीच आंच देत आणि त्यांतून एकसंध धातु मिळवीत. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत विल्यम वोलॅस्टन ह्यानें प्लॅटिनमची पूड दाबून, तापवून व ठोकून तिचे घडण्याजोगे तुकडे केले, आणि ती रीत १८२९ मध्यें प्रसिद्ध झाली. जुन्या विजेच्या दिव्यांत जी टंगस्टनची तार लाल-पिवळी होऊन प्रकाश देई, तीहि टंगस्टनच्या पुडीपासूनच अशा मार्गानें होत असे. ती युक्ति १९१० च्या सुमारास अमेरिकेंत विल्यम कूलिज ह्यानें साधली. जपानी संशोधकांनीं नवें केलें तें हें, कीं कारखान्यांतील ही विद्या त्यांनीं मऊ गोळ्याच्या रूपानें घरच्या टेबलावर आणून ठेविली.

आतां एक उदाहरण घेऊन प्रत्यक्ष कृति पाहूं. एखाद्या आईला आपल्या वर्षा-दोन वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचा ठसा चांदीच्या पदकावर हवा आहे, असें समजा. ह्या मातीचा असा उपयोग पुष्कळ ठिकाणीं होतो, आणि तो योग्यहि आहे. कारण हें काम ऐरणीवर होण्यासारखें नाहीं.

प्रथम पाट, लाटणें आणि हात ह्यांना तेलाचें अगदीं पुसट बोट लावतात, म्हणजे माती चिकटत नाहीं. ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा हत्यार मात्र ह्या कामांत दूर ठेवावें लागतें. ओल्या चांदीच्या मातीशीं त्याची क्रिया होऊन माल बिघडतो. गोळा पाकिटांतून काढल्यावर तो वाऱ्यावर वाळूं लागतो, म्हणून लागेल तेवढाच घेऊन उरलेला ओलसर फडक्याशेजारीं हवाबंद डबींत ठेवतात. लाटतांना जाडी सर्वत्र सारखी राहावी, यासाठीं दोन्ही बाजूंना खेळण्यांतील पत्त्यांचे सारखे थर ठेवून त्यांवरून लाटणें फिरवितात. चारपांच पत्त्यांची जाडी साधारण पदकाला पुरते. परंतु येथें अंगठा रुतावयाचा असल्यामुळें ती थोडी अधिक धरावी. मग मुलाच्या अंगठ्याला तेल लावून तो एकदांच, सरळ दाबून उचलतात. ठसा नीट उठला नाहीं, तर गोळा मोडून पुन्हां लाटतां येतो. ह्या टप्प्यावर चूक दुरुस्त होते; पुढें ती होत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ठशाभोंवतीं हवा तो आकार कापून, दोरा ओंवण्यासाठीं भोंक पाडून पदक वाळत ठेवतात. कोरड्या हवेंत एक दिवस पुरे; कोंकणांतील श्रावणांत अधिकहि लागेल. तें खरोखर वाळलें कीं नाहीं, हें पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. किंचित् ऊन केलेलें पदक थंड आरशावर क्षणभर ठेवून उचलावें. आरशावर वाफेची छाया दिसली, तर आंत अजून पाणी आहे. असें पदक भट्टींत घातलें, तर आंतल्या पाण्याची वाफ होऊन तें फुगतें किंवा त्याचा टवका उडतो.

वाळलेलें पदक खडूसारखें असतें, आणि कडा गुळगुळीत करण्याची हीच वेळ. बारीक पॉलिश कागदानें आतां दोन मिनिटांत जें होतें, त्यालाच भाजल्यावर कानस घेऊन पाऊण तास बसावें लागतें. घांसतांना पडलेली पूड टाकावयाची नसते. सोनाराच्या दुकानांतील केराचीहि किंमत झारेकरी देतो, ती कां, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें निराळें सांगणें नको. ह्या पुडींत पाण्याचे थेंब टाकले, कीं तिचा दाट घोळ होतो, आणि त्या घोळानें चिरा बुजवितां येतात किंवा दोन वाळलेले भाग जोडतां येतात. सोनाराला जेथें डाख द्यावा लागतो, तेथें येथें कुंभाराप्रमाणें चिखलानें काम भागतें. झाडाच्या पानाच्या मागच्या बाजूस ह्याच घोळाचे पुटावर पूट दिलें आणि तें भाजलें, तर पान जळून जातें व त्याच्या शिरान् शिरा चांदींत उतरतात.

आतां भाजणें. शेवटचा निकाल येथेंच लागतो. लहान वस्तु हातांतल्या गॅसच्या ज्योतीनें भाजतां येते. साधारण २५ ग्रॅमपेक्षां जड वस्तूला विजेची भट्टीच पाहिजे. पदक अग्निरोधक विटेवर ठेवून त्यावर ज्योत गोल गोल फिरवितात. प्रथम थोडा धूर निघतो आणि क्षणभर लहानशी ज्वाळा उठते. तो बंधक जळत असतो. मग पदक पांढरें पडतें, आणि थोड्या वेळानें त्याला पिकल्या पपईच्या गरासारखा रंग येतो. तो दिसावा म्हणून खोलींतला उजेड मंद ठेवतात. तो रंग तसाच राखून लहान पदकाला दोन मिनिटें आंच द्यावी, मोठ्याला अधिक. पृष्ठभाग एकाएकीं आरशासारखा चमकून हलूं लागला, तर चांदी वितळण्याच्या बेतांत आली असें समजून ज्योत तत्काळ दूर करावी. भट्टींत भाजावयाचें असल्यास आजच्या कित्येक मातींना ६५० अंशांवर अर्धा तास ही किमान मर्यादा असते. परंतु अनुभवी कारागीर ९०० अंशांवर दोन तास भाजणें पसंत करतात, कारण त्यानें मिळणारी मजबुती निराळी. खोलींत वारा खेळता ठेवणें आणि डोळ्यांना चष्मा लावणें हे नियम दोन्ही रीतींना सारखेच.

भट्टींतून निघालेलें पदक पाहून नवशिक्याची निराशा होते. तें चांदीसारखें दिसतच नाहीं. चुन्यासारखें पांढरें दिसतें. पण ती राख नव्हे व रंगहि नव्हे. पृष्ठभाग अतिसूक्ष्म खडबडीत असल्यामुळें प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि तोच पांढरेपणा डोळ्यांना दिसतो. साबणाच्या पाण्यांत तारेच्या ब्रशानें घांसलें, कीं त्या पांढऱ्यांतून चांदी उघडी पडते. आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडानें किंवा पोलादी सळईनें रगडलें, कीं ती आरशासारखी होते.

ह्या सगळ्या कृतींत अंकगणिताचा एक धडा आहे, आणि तो न शिकलेल्यांचीं पुष्कळ कामें वायां जातात. पाणी व बंधक निघून गेले आणि कणांमधल्या पोकळ्या मिटल्या, म्हणजे वस्तु आक्रसणारच. पहिली जपानी माती लांबींत २५ ते ३० टक्के आक्रसत असे. पुढें मिश्रण सुधारून हें प्रमाण ८ ते १५ टक्क्यांवर आणण्यांत आलें. दहा टक्के ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु लांबी, रुंदी आणि जाडी ह्या तिन्हींत ती लागू पडते. दहांचे नऊ तीन वेळां केले, म्हणजे हजारांचे ७२९ उरतात. अर्थात् आकारमान चौथ्या हिश्शाहूनहि अधिक घटलें. तीस टक्क्यांच्या हिशेबानें हजारांचे ३४३ च उरतात. म्हणून १८ मिलिमीटरचें पदक हवें असेल, तर तें दहा टक्के आक्रसणाऱ्या मातीचें २० मिलिमीटरचें करावें लागतें. आणि अंगठी बोटाच्या मापाची केली, तर ती बोटांत जात नाहीं. ती दोनतीन मापें मोठी करून, आंत हव्या त्या मापाची अग्निरोधक मिश्रणाची गुटी ठेवून भाजतात; आक्रसतांना अंगठी त्या गुटीपाशीं येऊन थांबते.

आतां ‘खरा कीं खोटा’ ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. पुरता भाजलेला दागिना खऱ्या चांदीचा असतो. इतकेंच नव्हे, तर नित्याच्या ९२५ कसाच्या चांदीहून तो शुद्ध असतो, कारण तींत ७५ भाग तांबें वगैरे दुसरा धातु असतो आणि येथें ९९९ भाग चांदी. परंतु कस निराळा आणि बळ निराळें. शुद्ध चांदी मुळांतच मऊ. शिवाय कणांच्या सांधणींत सूक्ष्म पोकळ्या थोड्या तरी राहतातच. त्यामुळें ओतून, ठोकून घडविलेल्या चांदीची बरोबरी हा दागिना करीत नाहीं. अपुरा भाजलेला दागिना तर केवळ फसवा. बाहेरून तो तितकाच चकाकतो. परंतु वांकविण्याचा प्रयत्न केला, कीं बिस्किटासारखा मोडतो. म्हणून सावध कारागीर त्याच मातीची एक पट्टी दागिन्याबरोबर भाजतो आणि ती वांकवून पाहतो. ती न मोडतां वांकली, तर दागिनाहि पक्का.

पैशाचा हिशेबहि सरळ सांगितला पाहिजे. ही माती वजनाला वजन चांदीहून महाग पडते, कारण चांदीची इतकी बारीक व शुद्ध पूड करणें हेंच मोठें खर्चाचें काम आहे. साधें वळें किंवा सपाट वाटी ह्या मातीची करण्यांत शहाणपण नाहीं. साखळ्या, पैंजण, जोडवीं, स्प्रिंगप्रमाणें लवचीक राहावयाचे चाप ह्या गोष्टी तारेच्या आणि पत्र्याच्या. त्यांना सोनाराची ऐरण आणि हातोडीच हवी. मातीचें क्षेत्र निराळें: पान, जाळी, कापडाचा पोत, बोटाचा ठसा, कोरीव उठाव, म्हणजे जेथें रूप हें स्पर्शानें उमटतें, तें. रत्नांच्या बाबतींतहि विवेक लागतो. प्रयोगशाळेंत तयार केलेलीं माणकें व झिरकोनिया भट्टीची आंच सोसतात आणि मातींतच बसवितां येतात. मोतीं, पोंवळीं, पिरोजा ह्यांचा तेथें नाश होतो, म्हणून त्यांच्यासाठीं कोंदण आधीं करून तीं मागाहून बसवावीं लागतात.

चांदीपाठोपाठ इतर धातूंच्या मातीहि निघाल्या. अमेरिकेंत बिल स्ट्रूव्ह ह्यांनीं २००८ मध्यें कांशाची माती बाजारांत आणली, आणि त्यामागून तांब्याचीहि आली. ह्या मातींचें भाजणें अधिक कठीण. चांदी उघड्या हवेंत तापविली तरी प्राणवायूशीं तिचा संयोग टिकत नाहीं. तांब्याचे कण मात्र काळवंडतात, आणि प्रत्येक कणावर काजळीसारखा पापुद्रा बसला, म्हणजे कणांना एकमेकांस टेंकण्यास जागाच उरत नाहीं. म्हणून अशा वस्तु पोलादी डब्यांत नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशांत पुरून कित्येक तास भाजतात. डब्यांतला प्राणवायु कोळसा आधींच गिळून टाकतो आणि धातूचे कण निर्वेध सांधतात. ह्या कामांत विषारी कार्बन मोनॉक्साइड वायु निर्माण होत असल्यामुळें तें बंद खोलींत कधींहि करूं नये.

आरंभींच्या आईकडे पुन्हां वळूं. तिनें घाई केली नसेल, आरशावर ओलावा पाहिला असेल, आक्रसण्याचा हिशेब धरला असेल आणि पपईचा रंग पुरा वेळ राखला असेल, तर तिच्या तळहातावर आतां एक चांदीचें पदक आहे. त्यावरच्या ठशांतील रेषा जशाच्या तशा आहेत. मात्र ठसा एक दशांशानें लहान झाला आहे, आणि मुलाचा अंगठा दिवसेंदिवस मोठा होणार आहे. अंगठी पुन्हां करतां येते, पान पुढच्या वर्षींहि झाडावर मिळतें; परंतु ह्या वयाचा हा अंगठा पुन्हां मिळावयाचा नाहीं. म्हणूनच ह्या मातीच्या कामांत घाईला जागा नाहीं. माती मऊ आहे तोंवर ती प्रत्येक चूक पोटांत घालते. विस्तव एकहि घालीत नाहीं. कुंभाराला हें पूर्वींपासून ठाऊक होतें, आणि सोनारालाहि. चांदीच्या मातीनें त्यांच्या हातची मेहनत हलकी केली असेल. त्यांच्या अंगचें धीमेपण मात्र तिनें कोणाला माफ केलेलें नाहीं.